कूलरपाशी आमरी

ऑर्किड, म्हणजे मराठीतली आमरी, आमच्या घरी हौसेनं आलं, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं कारण नांदेडचे आमचे साडू. त्यांनी घरच्या ग्रुपवर जांभळ्या फॅलेनॉप्सिसचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'लातूरच्या हवेत हे जमायचं नाही.' महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसानं हे वाक्य गिळायचं?

ऑर्किड मिरवणं सुरुवातीला सोपं असतं. ते दुकानातून फुलांसकटच येतं, फुलं दोन-अडीच महिने टिकतात, आणि तेवढे दिवस तोंडानं न बोलता 'मीच फुलवलं' असं भासवता येतं. मग फुलं गळतात. उरतात चार जाड पानं आणि कुंडीबाहेर लोंबणारी मुळं. हे मूळचं फांद्यांवर राहणारं झाड. त्याला माती नको, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा पुरे. पाणीही बेताचंच पितं. हवा मात्र दमट लागते, आणि एप्रिलात आमच्या हवेत धूळ आणि वरातीतला डीजे एवढंच असतं.

म्हणून ते कूलरशेजारी गेलं. मराठवाड्यात उन्हाळ्यात कुणाचा हुद्दा काय, ते त्याच्या आणि कूलरच्या मधल्या अंतरावरून कळतं. आधी आई, मग 'लातूर पॅटर्न'नं 'नीट'चा अभ्यास करणारा मुलगा, मग बायको. त्यात आता आमरी बसली आणि मी दारापाशी सरकलो. बोअरच्या जड पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडायला लागले, तेव्हा तिला फिल्टरचं पाणी सुरू केलं. आई म्हणाली, "माणसाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आन् हिला फिल्टरचं?"

रेल्वेचा विषय निघाला की मला आवरत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर; पुढं पन्नास वाघिणींची 'जलदूत'. मी तिची वाहवा अशी करतो, जणू इंजिन मीच हाकलं. शिवाय माझा एक लाडका सिद्धान्त आहे. ते पाणी कृष्णेचं. कृष्णा उगवते महाबळेश्वरला, त्याच सह्याद्रीत उन्हाळा सरता सरता झाडांवर सीतेची वेणी फुलते, आणि सीतेची वेणी हे आपलं देशी ऑर्किड. म्हणजे आमरीच्या मावसबहिणीच्या माहेरचं पाणी लातूरला आधीच येऊन गेलंय, मागून आमरी आली तर बिघडलं कुठं? हा सिद्धान्त मी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. बायको तेवढ्यात चहा ठेवायला उठते. साखर आणायला म्हणून शेजारीही जाते.

आईला मात्र तो ऐकवत नाही. त्या वर्षी मांजरा धरण आटलं होतं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावलं होतं. एका रात्री टँकरच्या रांगेत आई पुढच्या बाईशी भांडली. एका घागरीवरून. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेली आई. भरलेली घागर घेऊन घरी आली आणि त्यातलं पाणी न पिताच बसून राहिली. अजूनही मी फवाऱ्याची बाटली हातात घेतली की ती माझ्याकडं बघत नाही. बाटलीत पाणी किती आहे, ते बघते.

गेल्या आठवड्यात साडूंचा फोन आला. आवाज उतरलेला.

"मुळं काळी पडायलीत हो. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, तरी."

गोदाकाठचा माणूस. पाणी घालणं म्हणजेच माया, अशी त्यांची समजूत. मी घसा साफ केला. कुजलेली मुळं कापा म्हटलं, उरलेली चंदेरी दिसायला लागली की कुंडी दहा मिनिटं पाण्यात बुडवा, ती हिरवी होतील, मग सगळं पाणी निथळू द्या आणि पुन्हा चंदेरी होईस्तोवर हात लावू नका.

"हा काय लातूर पॅटर्न म्हणायचा का?"

"फाउंडेशन बॅच आहे. फी आईला विचारून सांगतो."

माझ्या झाडाला पुन्हा फूल आलं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.