डिटीरिओरेट : नवशिक्यांसाठी, मुक्काम भातसानगर

साहित्य : एक जुनी भिंत, एक पावसाळा, एक अर्ज. शहापूर तालुक्यात राहत असाल तर पहिल्या दोन गोष्टी घरबसल्या मिळतात.

आधी जीभ सोडवून घ्या. या इंग्रजी शब्दाचे तुकडे पाच : डि-टी-रि-ओ-रेट. घाईत मधले दोन गिळून लोक 'डिटोरेट' म्हणतात. शब्द तोंडातल्या तोंडातच ढासळला, म्हणजे अर्थ निम्मा कळला असं समजायला हरकत नाही.

आता भिंतीकडे बघा. जूनच्या पहिल्या झडीला कोपरा ओल धरतो. डाग तळहाताएवढा, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. श्रावणात त्यावर काळी बुरशी चढते. दिवाळीला वरून चुना मारला की तो डाग लपतो. मग थंडीत तोच चुना फुगतो, पोपडा सुटतो आणि होळीपर्यंत नखाने टवका काढला तर आतली वीट हाताला लागते. या सगळ्या सावकाशीला डिटीरिओरेट म्हणायचं. त्याच भिंतीवर वादळात फणसाची फांदी पडून ती एका रात्रीत बसली, तर हा शब्द चालणार नाही. कप फुटतो, तोही यात बसत नाही.

मराठी माणसाची अडचण इथेच. आपल्याकडे प्रत्येक वस्तूला बिघडायची वेगळी सोय आहे. दूध नासतं, धान्य किडतं, लोखंड गंजतं, रंग विटतो, लुगडं विरतं, जखम चिघळते (भांडणही), प्रकृती खालावते आणि वाड्याची रया जाते. इंग्रजीत भिंत, प्रकृती आणि दोन भावांचे संबंध एकाच शब्दात आटोपतात. मात्र नासलेल्या दुधाला तो सहसा लावत नाहीत.

सगळ्यांत जास्त चुका इथल्या भातसा धरणावर होतात. 'भातसाचं पाणी डिटीरिओरेट झालं' असं मे महिन्यात हमखास ऐकू येतं. चूक. भरलं की पातळी १४२.०७ मीटरवर जाते, उन्हाळ्यात उतरते, पाऊस लागला की पुन्हा चढते. पाणी आटलं म्हणजे त्याचा दर्जा घसरला असं नव्हे. मुंबईच्या सात तलावांच्या १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठ्यापैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात मावतं, म्हणजे जवळपास निम्मं. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतो. धरण उशाला, कोरड घशाला! मग हे तरी डिटीरिओरेट का? तेही नाही. डिटीरिओरेट व्हायला कालच्यापेक्षा आज वाईट असावं लागतं. इथे दर वर्षी तेच असतं.

राहिला अर्ज. तुम्ही लिहाल : 'माय वॉल वॉज डिटीरिओरेटेड बाय रेन.' कापा. 'वॉज'च्या जागी 'हॅज' येईल, 'बाय रेन' जाईल. उरेल ते बरोबर : 'माय वॉल हॅज डिटीरिओरेटेड.' भिंत आपली आपण, कोणी काही केलं नाही. मराठीत बिघडणं आहे तसं बिघडवणंही आहे, आणि बिघडवणारा कोण म्हणून लगेच विचारता येतं. हा शब्द तो प्रश्नच येऊ देत नाही, म्हणून कचेरीच्या कागदात तो इतका शोभतो. कर्ता कोण, हे लिहायची जागाच नसल्यामुळे सही करणाऱ्याचा हातही थरथरत नाही. जुन्या शब्दकोशांत सकर्मक रूप सापडेल, पण ते नवशिक्यांनी वापरू नये, आणि अर्जदारांनी तर अजिबातच नाही.

स्वाध्याय : वरचं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून द्या, पोच घ्या. अर्जाची झेरॉक्स कपाटात ठेवा, पण त्या कोपऱ्यातल्या कपाटात नको.