माननीय काचेच्या झाकणास अनावृत पत्र

प्रति,
माननीय अखंड काचेचे झाकण,
खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी, दिवाणखाना, मुंबई.

विषय: पदमुक्तीबाबत.

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी, म्हणजे समुद्राइतकेच खारट पाणी भरलेला फिश टँक, घरात मांडायची ठरली की मासे, मीठ, पंप आणि दिवे यांच्या निवडीवर महिनोन्‌महिने खल चालतो, आणि झाकणाची नेमणूक मात्र पेटीच्या मापाची काच कापून घेऊन उरकली जाते. तेव्हा कोणतीही पात्रता सिद्ध न करता सर्वोच्च स्थानी विराजमान झाल्याबद्दल माननीयांचे अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे.

माननीयांची निर्विवाद कामगिरी म्हणजे बाष्पीभवनाला घातलेला आळा. उघड्या पेटीतून केवळ पाण्याची वाफ होते व मीठ मागे राहते, त्यामुळे क्षारता, म्हणजे 1000 ग्रॅम पाण्यातील क्षारांचे साधारण 35 ग्रॅम हे प्रमाण, दिवसागणिक चढत जाते आणि ते उतरवण्यासाठी खारे नव्हे, तर आरओचे गोडे पाणी घालावे लागते. मालकाचा हा त्रास माननीय वाचवतात, हे मान्यच आहे. मात्र वाफ होणे हा पाण्याचा घाम आहे: 200 लिटरच्या पेटीतून 1 लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता घेऊन जाते, ती उरलेल्या पाण्याचे तापमान, बाहेरून भर पडली नाही तर, सुमारे 3 अंश सेल्सिअसने उतरवण्यास पुरेशी असते. ऐन मे महिन्यात, दिवे आणि पंप पाणी तापवत असताना, माननीयांनी ही वाट बंद करावी आणि मालकाने मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, विकत आणून विजेचे बिल भरावे, ही व्यवस्था चिलरविक्रेत्यांच्या दृष्टीने आदर्श म्हणावी लागेल.

झाकणाखाली कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साचला की तो पाण्यातही वाढतो, आणि आम्लता मोजणारा सामू, जो 8.1 ते 8.4 दरम्यान राहावा अशी अपेक्षा असते, तो खाली सरकतो. काचेच्या पोटाला उडालेले थेंब वाळून तेथे लोणा चढतो व दिव्याचा उजेड अडतो. बिजागरी लोखंडी असल्यास गंज पाण्यात उतरतो आणि पितळेची असल्यास तांबे, जे कोळंबीसारख्या पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना विषच आहे. माननीयांचे प्रतिस्पर्धी ॲक्रिलिक यांच्याविषयी न बोललेलेच बरे, कारण खालच्या अंगाने ओलावा शोषून ते अल्पावधीतच बाक धरतात.

झाकणच नको, असे मात्र कोणाचेही म्हणणे नाही. फायरफिश हा बोटभर लांबीचा मासा दचकला की बिळाकडे धाव घेतो आणि बीळ न गाठता आल्यास वर झेपावतो; दिवा एकाएकी मालवला तर रास कुळातले मासेही तेच करतात, आणि सकाळी केर काढताना सोफ्याखालून वाळलेला मासा निघतो. या पदासाठी खरा लायक उमेदवार म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवलेली, सुमारे 6 मिलिमीटर छिद्रांची, रंगहीन नायलॉनची जाळी. खिडक्यांना जाळ्या बसवणारा कारागीर ती सहज करून देतो, फक्त त्याला डासांची बारीक जाळी लावू देऊ नये, कारण तीही उजेड खाते. जाळीतून हवा खेळते, वाफ जाते, मासा जात नाही. गोड्या पाण्याची रोजची भर चुकत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने ती कमी लागते, एवढाच दिलासा. शिवाय वायरीसाठी कोपऱ्यात खाच कापून ठेवण्याची माननीयांची जी परंपरा आहे, तीच माशाची पळवाट ठरते, म्हणून जाळी वायरीभोवती घट्ट बसवावी लागते.

माननीयांच्या बाजूने आता एकच मुद्दा शिल्लक राहतो, आणि बहुतेक घरांत निर्णय त्यावरच होतो: माशांच्या खाण्याचा डबा, टीव्हीचा रिमोट आणि गणपतीची छोटी मूर्ती जाळीवर ठेवता येत नाही.

कळावे.