सातशेसेहेचाळीस काका

नवी गाडी घेतल्यावर पेढे सगळ्या मजल्यांवर वाटावेत, पण तिसऱ्या मजल्यावर जाताना काका घरी नसतील अशी वेळ साधावी. पेढा हातात घेऊन ते मायलेज विचारत नाहीत, किंमतही विचारत नाहीत. विचारतात, "शक्ती किती?"

"शंभर."

"शंभर काय? पीएस की बीएचपी?"

मालकाला घाम फुटतो. माहितीपत्रक मागवलं जातं, त्यात पीएस निघतं. "म्हणजे हे जर्मन घोडे. पंचाहत्तर किलोचं वजन सेकंदाला एक मीटर उचलणारे, 735.5 वॉटचे. इंग्रज घोडा 746चा. तुमचे शंभर त्याच्या हिशेबात साडेअठ्ठ्याण्णव भरतात." एवढं सांगून काका पेढा तोंडात टाकतात आणि मालक दीड घोडा चोरीला गेल्यासारखा जिना उतरतो.

असा एक काका बहुतेक वस्त्यांत सापडतो. कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेला, बंडीच्या खिशात पेन, आणि बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर सदैव चालू असलेला गुणाकार. आमच्या काकांचं नाव पोरांनी 746वरूनच पाडलंय. त्यांना ते बिरुद वाटतं.

रोगाचं मूळ शाळेत असावं, असं माझं निदान आहे. शेर-पायली-मणाची कोष्टकं मास्तरांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतली आणि ती तोंडात बसतात न बसतात तोच 1957 साली नवा पैसा आला, 1958च्या ऑक्टोबरात किलो आला. कोष्टकं बाद, छड्या मात्र वसूल. बरं, सरकारने तराजू बदलले तरी विहिरीवरची मोटार, घरघंटी, लिफ्ट सगळं एचपीतच राहिलं. ती अर्धवट क्रांती पुरी करायची जबाबदारी काकांनी एकट्याने अंगावर घेतली आहे.

त्यांचा खरा राग जेम्स वॉटवर. वाफेचं इंजिन गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं, तर ते किती घोड्यांचं काम करतं हे सांगायला हवं. म्हणून त्याने घोड्याच्या नावावर मिनिटाला 33,000 फूट-पौंड लावून टाकले. एवढं काम दिवसभर रेटणारा घोडा मिळणं मुश्कील, पण घोडा तक्रार करायला येत नाही. पुढे त्याच वॉटच्या नावाचं एकक निघालं आणि घोड्याच्या मुळावर आलं. "स्वतःच्याच नावाने हरलेला माणूस," असं काका म्हणतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नाही.

मे महिन्यात शेजाऱ्यांकडे एसी बसत होता. फिटर शिडीवर, तांब्याची नळी एका हातात, दुसरा हात पान्यासाठी खाली. पाना काकांच्या हातात. कुणीतरी बोलून गेलं, "दीड टनाचा आहे." झालं! "हा टन आपला हजार किलोचा नव्हे. अमेरिकन, दोन हजार पौंडांचा, 907 किलो. तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तो एक टन. तासाला 12,000 बीटीयू. दीड टन म्हणजे 18,000, म्हणजे सव्वापाच किलोवॉट." शेजारीणबाई बिलाच्या धास्तीने मटकन खाली बसल्या. मीटरवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच पडतं, कारण एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हेही काकांनी सांगितलं, पण वीस मिनिटांनी. तोवर फिटर वरून एवढंच म्हणत होता, "काका, पाना."

गावाकडे मात्र त्यांची डाळ शिजत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत झाली, तेव्हा काकांनी भावाला लगेच फोन केला : "म्हणजे 5.6 किलोवॉट." भाऊ म्हणाला, "दादा, फुकट आहे ना? मग कशात का असंना."

त्याच भावाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार गरम होत होती. वायरमन आला. काकांनी पाच गुणिले 746 करून "3.73 किलोवॉट!" असं जाहीर केलं. वायरमनने टाँग टेस्टर काढला आणि एकेका वायरीला चिमटा लावून पाहिला. "थ्री फेजला एचपीमागं दीड अँपिअर. पाचाला साडेसात. ही अकरा ओढतीय. बेअरिंग गेलंय." काका म्हणाले, "पण किलोवॉट..." "ते पत्रीवर हाय की," वायरमन म्हणाला. खरंच होतं. मोटारीच्या पत्रीवर 3.7 आणि 5 शेजारी-शेजारी ठोकलेले होते. शिवाय ती शक्ती दांड्यावर मिळणारी. मोटार विजेकडून घेते ती त्याहून जास्त. काका परतीच्या एसटीत बोलले नाहीत, असं काकू सांगतात.

पण गप्प राहणं त्यांना मानवत नाही. परवा गच्चीवर कोजागरीचं दूध आटत होतं, तिथे त्यांनी माणसाचं गणित मांडलं. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणारा माणूस म्हणजे सरासरी 97 वॉट, धरा शंभर.

"शंभर वॉटचा दिवा निदान उजेड तरी पाडतो," काकू पातेलं ढवळत म्हणाल्या.

"चूक," काका उसळले. "जुन्या तारेच्या दिव्यात शंभरातले दहा वॉटसुद्धा उजेडात जात नाहीत. बाकी सगळा नुसता ताप."

"मग बरोबर आहे तुमचं गणित," काकू म्हणाल्या.