अपडेटराव

सिंगापूरच्या एमआरटीची हिरवी लाइन पूर्वेला पासिर रिसला संपते. आमच्या हिशेबाने तिथून सुरू होते. १९८९ साली हे स्टेशन उघडलं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नसेल, पण पहिल्या स्टेशनाचा एक दुष्परिणाम असतो. सकाळी बसायला हमखास जागा मिळते. बेडोकचा माणूस दांडीला लोंबकळत जातो, त्याला खिशातला फोन काढायचीही सोय नसते. पासिर रिसचा माणूस कोपऱ्यातली सीट पकडतो आणि रॅफल्स प्लेस येईपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात न घेतलेल्या फोनचे तीन रिव्ह्यू बघून टाकतो. हे रोज, येताना आणि जाताना. अपडेटराव घडतात ते असे.

नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. खरं नाव आता फक्त पासपोर्टला आणि सिंगपासला ठाऊक. ही वल्ली एकटीदुकटी नाही. पासिर रिस, टँपिनीस, सिमेई, एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, कुठल्याही ब्लॉकमध्ये चार मराठी घरं असली की एका घरात अपडेटराव निघतातच. वय चाळीस ते पन्नास. नोकरी आयटीत, पण नक्की काय करतात ते वहिनींनाही सांगता येत नाही. पाठीला सॅक, सॅकमध्ये पाऊच, पाऊचमध्ये वायरी. तुमच्या घरी पहिल्यांदा आले की तोंडाने ‘छान आहे हो घर’ म्हणतील, पण नजर राउटर शोधत असते. तो टीव्हीमागे कोंबलेला दिसला की त्यांचा चेहरा असा पडतो, जणू घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कुणी माळ्यावर झोपवलंय. चहा येईपर्यंत राउटर शोकेसवर गणपतीच्या शेजारी विराजमान झालेला असतो आणि दोघांपुढेही दिवे लुकलुकत असतात.

त्यांचा सल्ला घ्यायला लोक जातात आणि तिथेच फसतात. तुम्ही विचारता, ‘बायकोसाठी साधासा फोन घ्यायचाय, कुठला घेऊ?’ अपडेटराव विचारतात, ‘यूज केस काय?’ बायकोची यूज केस काय, हे आजवर कुणी विचारलेलं नसल्यामुळे तुम्ही गांगरता. मग कॅमेऱ्याचा सेन्सर, पडद्याचा रिफ्रेश रेट, चिपचे नॅनोमीटर असं करत करत गाडी शेवटी ठरलेल्या स्टेशनात येते: ‘थांब. सप्टेंबरात नवा येतोय.’ सप्टेंबरात नवा येतो तेव्हा ते म्हणतात, ‘यात विशेष काही नाही, पुढच्यात खरी मजा आहे.’ त्यांच्या भरवशावर थांबलेली माणसं अजून चिरा गेलेल्या काचेवर बोटं घासताहेत. अपडेटराव स्वतः मात्र थांबत नाहीत. विशेष काही नाही ते प्रत्यक्ष बघायला म्हणून ते दुसऱ्याच दिवशी घेऊन येतात.

जुन्याचं काय? विकतात. कॅरोसेल ॲपवर जाहिरात टाकायची आणि पासिर रिस स्टेशनच्या गेटपाशी भेटायचं. हा सोहळा एकदा बघण्यासारखा आहे. दोन अनोळखी माणसं नमस्कार-चमत्कार न करता समोरासमोर उभी राहतात. एकजण फोन उजेडाकडे तिरका धरून ओरखडे बघतो, दुसरा छताकडे बघतो. बॅटरीची टक्केवारी उघडून दाखवली जाते. दोघंही गंभीर. मग पेनाऊने पैसे सरकतात, फोन टुंग करतो आणि अपडेटराव निघतात. खिसा हलका झाला म्हणून त्यांना चुकल्यासारखं होतं आणि घरी पोचेपर्यंत तो दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या टॅबने भरलेलाही असतो.

विकताना खोकं असलं तर भाव बरा येतो, म्हणून खोकं टाकायचं नाही हा घरचा पहिला नियम. सिंगापुरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या घरांत जाड काँक्रीट भिंतींची आणि पोलादी दाराची एक खोली असते, हाउसहोल्ड शेल्टर. बाँब पडले तर कुटुंबाने तिथे आसरा घ्यायचा. शांततेच्या काळात तिथे लोक तांदूळ, बॅगा आणि इस्त्रीचं टेबल ठेवतात. अपडेटरावांच्या शेल्टरमध्ये खोकी आहेत. फोनची, हेडफोनची, घड्याळांची, खोक्यांत बसणारी खोकी. उद्या युद्ध झालं तर सरकारी व्यवस्थेमुळे ती सगळी सुखरूप राहतील. कुटुंबाचं काय ते देवाच्या हाती.

ही निष्ठा कुठून आली हे समजायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत जावं लागेल. नव्वदच्या दशकात मराठी घरात जो संगणक यायचा तो तिथून सुटे भाग आणून जोडलेला. तोपर्यंत संगणकाला फक्त ‘बीप’ करता येत होतं. मग त्यात एक कार्ड बसवलं आणि यंत्राला कंठ फुटला. ते कार्ड म्हणजे साउंड ब्लास्टर, आणि ते काढलं होतं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने. सिम वाँग हू या माणसाने १९८१ मध्ये ती सुरू केली आणि पासिर रिसचं स्टेशन उघडलं त्याच वर्षी, १९८९ मध्ये, साउंड ब्लास्टर बाजारात आलं. अपडेटरावांना हा योगायोग वाटत नाही. पुढे २००६ साली म्युझिक प्लेयरच्या पेटंटवरून ॲपलने क्रिएटिव्हला दहा कोटी अमेरिकन डॉलर मोजले, ही कथा ते अशी सांगतात की चेक यांच्याच हातून गेला असावा. सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये गेले तेव्हा अपडेटरावांनी शेल्टरमधून जुनं कार्ड काढलं, फुंकर मारून पुसलं आणि परत ठेवलं. ते कार्ड बसेल असा संगणक आज त्यांच्याकडेही नाही.

महिन्यातून एकदा सिम लिम स्क्वेअर या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची वारी असते. ‘काही घ्यायचं नाही, नुसतं बघून येतो,’ असं सांगून निघतात. वहिनी तेव्हाच बँकेच्या एसएमएसची वाट बघू लागतात.

घरात सगळं आवाजावर चालतं. दिवे, पंखे, एसी, पडदे. भिंतीवरची बटणं आहेत, पण ती दाबायची नाहीत. दाबली की ‘सिस्टिम आउट ऑफ सिंक’ जाते. रात्री पाणी प्यायला उठलेला पाहुणा अंधारात उभा राहून यंत्राची इंग्रजीत विनवणी करतो, दिवा लागत नाही, बेडरूममधून अपडेटराव झोपेत ओरडतात, ‘उच्चार सुधारा!’

दाराला डिजिटल कुलूप. बोटाने उघडतं, आकड्यांनी उघडतं, कार्डाने उघडतं, ऑफिसात बसून फोनवरून उघडतं. डोंबिवलीहून आलेल्या त्यांच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, मात्र उघडत नाही. वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, मग सेन्सरला त्या वाचता येत नाहीत, हे अपडेटरावांनी आईला शास्त्रोक्त समजावलं. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे आयुष्यभर भांडी घासली म्हणून मला घरात घेत नाही होय रे?’ राहता राहिला सहा आकडी नंबर, पण तोही सुरक्षेसाठी सारखा बदलायचा. एका दुपारी काकू व्हाइट सँड्स मॉलमधून कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. चिरंजीव मीटिंगमध्ये. अखेर शेजारच्या मलय आजींनी त्यांना आत बोलावून चहा पाजला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी मुलगा काय करतो ते काकूंनी हातवारे करून सांगितलं आणि आजींना ते पटलं. संध्याकाळी काकूंनी शेल्टर उघडायला लावलं. कुलपाच्या खोक्यात कंपनीने अडीनडीसाठी एक साधी धातूची किल्ली दिली होती. ती आता काकूंच्या पदराच्या गाठीला असते, आणि वीज जावो, बॅटरी जावो, त्या घरात हमखास प्रवेश मिळणारं एकच माणूस आहे.

बीटा हा अपडेटरावांचा दुसरा विकार. जे सॉफ्टवेअर अजून कंपनीलाच नीट जमलेलं नाही ते यांच्या रोजच्या फोनवर आधी येतं. त्यात २०२३ पासून इथल्या बँकांची ॲपं संशयी झाली आहेत. भलत्या ठिकाणाहून चढवलेलं ॲप फोनमध्ये दिसलं की उघडतच नाहीत. त्यामुळे पासिर रिस सेंट्रल हॉकर सेंटरमध्ये अपडेटराव ट्रे हातात घेऊन उभे, मागे रांग, आणि काउंटरवरची आंटी क्यूआर कोडवर टकटक करत्ये, हे दृश्य आम्हाला नवं नाही. मागून वहिनी दहाची नोट पुढे करतात. वहिनींच्या पर्समध्ये नोटा असतात म्हणूनच यांना भविष्यात राहणं परवडतं.

सिनेमा आणि मालिका हा याच संसाराचा विस्तार. वन-नॉर्थमध्ये लुकासफिल्मने सँडक्रॉलर नावाची इमारत उभारली होती, ‘स्टार वॉर्स’मधल्या जावा लोकांच्या अजस्र गाडीच्या आकाराची. अपडेटराव प्रत्येक पाहुण्याला ती दाखवायला नेत. जावा म्हणजे वाळवंटातून मोडकी यंत्रं गोळा करून विकणारी बुटकी जमात, असं त्यांनी एकदा वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘मग त्यासाठी एवढं लांब कशाला? आपल्या शेल्टरचं दार उघडा की.’ ऑगस्ट २०२३ मध्ये लुकासफिल्मने सिंगापूरचा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी अपडेटरावांनी डीपी काळा केला. डोंबिवलीहून चार नातेवाइकांचे फोन आले, कोण गेलं म्हणून.

मात्र ते नुसते परदेशी माल खपवणारे नाहीत. त्यांचा एक सिद्धांत आहे. हाक मारली की बोलणारं, घरभर नजर ठेवणारं आणि मालकाला न जुमानणारं यंत्र मराठी माणसाने १९९३ सालीच पाहिलं: महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’, रामदास पाध्येंनी घडवलेला बाहुला तात्या विंचू. ‘हे अमेरिकन आत्ता आले,’ अपडेटराव म्हणतात. ‘फरक एवढाच की हे डेटा मागतात, तात्या थेट शरीर मागायचा. तो तरी प्रामाणिक होता.’ या सिद्धांताला उत्तर अजून कुणाला सुचलेलं नाही.

जून २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो सिंगापुरात आला तेव्हा दुकानात फुकट डेमो मिळत होता. किंमत पाच हजार सिंगापूर डॉलरच्या वर. अपडेटराव वहिनींना घेऊन गेले. डोळ्यांवर अर्धा किलोहून जड ते यंत्र चढवून बसले आणि हवेत चिमट्या काढू लागले. समोर डायनॉसोर आला असावा, कारण ते मागे सरकले. मग काहीतरी गहिवरणारं दिसलं असावं, कारण ओठ थरथरले. बाहेरून बघणाऱ्याला दिसत होता तो फक्त उघडं तोंड ठेवून खुर्चीत बसलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. यंत्र उतरवल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, ‘कसं वाटलं?’ वहिनी म्हणाल्या, ‘अर्धा तास तुम्ही काही बोलला नाहीत. छान वाटलं.’ खरेदीचा विषय त्या वाक्यानंतर जवळजवळ मंजूरच झाला होता, पण अपडेटरावांनीच स्वतःला थांबवलं. पुढच्यात वजन कमी होणार होतं.

गेल्या दिवाळीचा रोबो मात्र क्षमेला पात्र नाही. वहिनींनी दाराच्या आत, उंबऱ्यापाशी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. झाडूपोछा करणाऱ्या रोबोची वेळ संध्याकाळी पाचची लावलेली. पाच वाजता तो आपल्या खोपटातून निघाला, रांगोळी शोषली, आणि ओल्या फडक्याला लागलेला गुलाबी रंग घरभर सरळ, समांतर रेघांत ओढत गेला. कॉटखालीसुद्धा. वहिनी बोलायच्या थांबल्या. अपडेटराव कौतुकाने म्हणाले, ‘बघ, एकही कोपरा सोडला नाही त्याने.’ त्यानंतर ते फराळ आमच्याकडे करून गेले.

इतकं सगळं असून या माणसाला कुणी तोडत का नाही? त्याचं उत्तर मंडळाच्या कार्यक्रमात मिळतं. गणेशोत्सवाचा हॉल भरलेला, मुलं नऊवारी-धोतरात विंगेत उभी, पालक फोन उगारून तयार, आणि लॅपटॉप हॉलच्या प्रोजेक्टरला लागत नाही. लॅपटॉप नवा, त्याला एकच बारीक भोक. प्रोजेक्टर जुना, त्याला निळी रुंद पिन. सूत्रसंचालक तिसऱ्यांदा ‘थोड्याच वेळात’ म्हणतात. मग मागच्या रांगेतून अपडेटराव उठतात. सॅकमधून पाऊच, पाऊचमधून एक पिवळट पडलेली वायर आणि तिला जोडायचं ठोकळ्याएवढं काहीतरी. खट्. पडद्यावर गणपती. टाळ्या मुलांना मिळतात.

निम्म्या ब्लॉकच्या डोंबिवली, सांगली, नाशिकमधल्या आईवडिलांचे फोन तेच दुरुस्त करतात. इकडे रात्रीचे दहा, तिकडे साडेसात, मालिकेची वेळ. ‘काकू, वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात का?’ ‘दिसतात, पण जाहिरात लागू दे.’ ते जाहिरातीची वाट बघतात. स्वतःच्या मुलाच्या प्रश्नाला थांबायला न सांगता उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही, पण दुसऱ्याच्या आईसाठी हा माणूस ब्रेकपर्यंत थांबतो.

आणि गंमत अशी की त्यांच्या नव्या वस्तूने आजवर आमच्यापैकी कुणाचं काही अडलं नाही की सुटलं नाही. जगाला उपयोगी पडल्या त्या जुन्या वायरी, जुने चार्जर, भारतातली गोल पिन इथल्या चौकोनी सॉकेटात बसवणारे अडॅप्टर आणि शेल्टरच्या तळाशी गेलेला एखादा जुना रिमोट. जुलै २०२१ पासून इथल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांना जुनं सामान परत घ्यावं लागतं. वहिनी त्या कायद्याच्या खंद्या समर्थक आहेत आणि दर दिवाळीला पिशवी भरून दारात ठेवतात. आम्ही शेजारी ती पिशवी गुपचूप अपडेटरावांना परत करतो. स्वार्थ आहे.

तेव्हा तुमच्या ब्लॉकमध्ये असे गृहस्थ असतील तर त्यांना जपा. नवा फोन घ्यायचा असेल तर आधी विचारू नका, घेऊन झाल्यावर दाखवा. सणाच्या आठवड्यात राउटरला हात लावू देऊ नका. आणि वहिनींची बाजू घेऊन ‘टाका हो तो कचरा’ म्हणण्याआधी आपल्या हॉलच्या प्रोजेक्टरला कुठली पिन आहे, तेवढी तपासून या.