दाद देण्यास मनाई आहे

बायकोच्या मामांना फुजी पर्वतात काडीचा रस नव्हता. "डोंगर काय, आपल्याकडेही आहेत," असं म्हणत त्यांनी बायकांना सहलीच्या बसमध्ये बसवलं आणि मला शिंजुकूच्या एका गल्लीत ओढलं. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दोन बनियनांच्या मधे जपून ठेवलेली 'अलबेला' सिनेमाची ईपी. पुण्यापासून ती त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. जपानी दर्दींना आपला चिक चॉकलेट ऐकवायचा, एवढ्याचसाठी ते आले होते. बाकीचं जपान वाटेत लागलं.

तळघरात उतरणारा अरुंद जिना, खाली सिगारेटच्या धुराने पिवळट झालेल्या भिंती, आणि मालकाच्या पाठीमागे छतापर्यंत रेकॉर्डीच रेकॉर्डी. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून. गिऱ्हाइकं डोळे मिटून बसलेली. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी गेलंय.

अशा दुकानाला जॅझ किस्सा म्हणतात. एके काळी जपानात परदेशी एलपी नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून एक कॉफी मागवायची आणि त्या बोलीवर मालकाचा खजिना तासन् तास ऐकायचा, असा हा व्यवहार. योकोहामातलं 'चिगुसा' १९३३ सालचं. युद्धात जॅझ शत्रूचं संगीत ठरलं, १९४५च्या बाँबहल्ल्यात दुकान रेकॉर्डींसकट जळालं, तरी मालकाने ते पुन्हा उभं केलं. पुढे जगभर गाजलेली पियानोवादक तोशिको अकियोशी तरुणपणी तिथेच रेकॉर्डी ऐकून ऐकून तयार झाली. मुराकामीही आधी जॅझ बारचे मालक, मग कादंबरीकार.

मालकाने कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' लावली आणि तिचं कव्हर एका छोट्या स्टँडवर उभं केलं. मामा माझ्या कानाशी आले. "जावईबापू, ह्याने पोराचं नाव रवी ठेवलं. आपल्या रविशंकरांवरून!"

लगेच एक मुलगी आली आणि कमरेत वाकून तिने आमच्यापुढे एक छापील चिठ्ठी ठेवली. तीत इंग्रजीत विनंती होती, कृपया बोलू नये.

मामांचा चेहरा पाहवेना. आमच्याकडे रविवारी रेकॉर्डी ऐकायची बैठक बसते, तेव्हा आधी रेकॉर्डीचा इतिहास होतो, मधे "हां, आता ऐका!" होतं, आणि नेमकी ऐकायची जागा त्या "ऐका"खाली चिरडते. शेवटी कुणीतरी सांगतं की हीच चीज त्याने प्रत्यक्ष ऐकली होती आणि ती याहून सरस होती. या पद्धतीत चहा छान होतो. जॅझ किती ऐकला जातो, हे मात्र मी आजवर मामांना विचारलेलं नाही.

इथे एक बाजू संपली की रेकॉर्ड उतरते आणि दुसऱ्याच कुणाची तरी चढते. फर्माईश कागदावर लिहून द्यायची. मामांनी कागद ओढला आणि ठसठशीत रोमन अक्षरांत लिहिलं, 'चिक चॉकलेट'. एवढ्या हजारो रेकॉर्डींत 'मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग' नसेल, हे त्यांच्या मनालाच शिवलं नाही. मुलीने कागद वाचला, हसून मान लववली. थोड्या वेळाने चॉकलेट केक आला. बिलावर तो रीतसर चढलाही.

बोलायची बंदी असल्यामुळे हा केक म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला नव्हे, हे सांगायची सोय नव्हती. मामा उठले, काउंटरवर गेले आणि बनियनं बाजूला सारून त्यांनी ईपी मालकापुढे धरली. मालकाने चष्मा बदलला. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून चरे पाहिले, मखमली ब्रशने हळूच पुसली, वेग पंचेचाळीसवर नेला. मग कोल्ट्रेनला स्टँडवरून उतरवून तिथे 'अलबेला'च्या भगवानदादांना उभं केलं.

पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं संगीत, साहाय्यक चिक चॉकलेट, साल १९५१. पण हे ब्रास मी आजवर मामांच्या दिवाणखान्यात, प्रेशर कुकरच्या साथीनेच ऐकलं होतं. त्या कपाटाएवढ्या स्पीकरांतून ते अंगावर आलं तेव्हा मीही सावरून बसलो. आजूबाजूची मंडळी मात्र कोल्ट्रेनला जितकी गंभीर होती तितकीच गंभीर राहून, डोळे मिटून भगवानदादांचं चिंतन करत होती. एकाचाही पाय हलेना. मामा रडकुंडीला आले.

बाजू संपली. कोपऱ्यातले एक आजोबा उठून स्टँडपाशी गेले, भगवानदादांना न्याहाळून त्यांनी कव्हर उलटं केलं, एक अक्षर वाचता येत नसताना ते सगळं वाचलं आणि मालकाकडे एक कागद सरकवला. मालकाने तो पाहिला, दुकानाचा नियम मोडला आणि ईपी उलटी करून पुन्हा लावली.

मामांच्या तोंडून "क्या बा" एवढं निघालंच होतं. मुलीने नेमकं वळून पाहिलं. मामांनी उरलेला अख्खा केक एका दमात तोंडात कोंबला.