गुडीहत्नूरची रेड वाइन

सुट्टीत जिथे जाल तिथली स्वस्त आणि चांगली वाइन शोधायची, हे तत्त्व आमचे मेहुणे युरोपच्या टूरवरून घेऊन आले. ते राबवायला त्यांना मिळाला तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा! नागपूरहून हैदराबादला निघालो होतो. दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा त्यांनी घोरत पार केला आणि पैनगंगेच्या पुलावर बरोब्बर डोळे उघडले. पलीकडे दर थोड्या अंतराने ‘वाइन्स’ची पाटी. इकडे द्राक्षं रस्त्याच्या कडेलाच पिकतात की काय, असं त्यांना वाटू लागलं.

तेलंगणात ही ‘वाइन्स’ म्हणजे दारूची दुकानं चिठ्ठ्या टाकून देतात. २०२३ साली २,६२० दुकानांसाठी सव्वा लाखावर अर्ज आले. अर्जाचे तेव्हा दोन लाख रुपये. नंबर लागो न लागो, परत मिळायचे नाहीत. म्हणजे एक बूच उघडण्याआधीच सरकारी तिजोरीत अडीच हजार कोटींवर जमा! इतकं करून दुकान मिळवलेला गृहस्थ द्राक्षांच्या नादी कशाला लागेल?

वाटेतल्या गुडीहत्नूरला मेहुण्यांनी काउंटरच्या जाळीतून हात घातला.

“रेड वाइन आहे?”

“रेड लेबल?”

“नाही हो, वाइन!”

“सगळी वाइनच आहे साहेब. बोर्ड वाचा की.”

अखेर वरच्या फळीवरून धूळ पुसत एक बाटली खाली आली. लेबलावर नाशिक! मेहुणे पुण्याचे. घरापासून चार तासांवरची बाटली त्यांना तेलंगणात येऊन, तिथला कर भरून घ्यावी लागणार होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत केली.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याला दया आली. “भाऊ, सस्ती अन् चांगली पायजे ना? मंग शिंदी घ्या. झाडाची.”

मेहुणे उजळले. शिंदी नुसती आंबवलेली, भट्टीवर न चढवलेली. म्हणजे शास्त्राप्रमाणे वाइनच की! त्यांनी जाणकाराचा आवाज काढला, “कुठल्या सालची?”

“सालची? आज सकाळची. दुपारी आंबट होते.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी पाव्हण्यायले देतो.”