खुडूक कोंबडीची हकिकत

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील सर्व क्षेम असून घनसावंगीकडील पाऊसपाणी, मोसंबीचा बहार आणि बाबांचा गुडघा यांचे वर्तमान सविस्तर लिहावे. मागील खेपेस आईने विचारले होते, की एवढे शिकून विलायतेस गेलेला मुलगा तेथे जाऊन अखेर कोंबड्याच का पाळतो. या प्रश्नाचे उत्तर सुनेने आपल्या अखत्यारीत राखून ठेवले असल्यामुळे, त्या कोंबड्यांपैकी एकीने घरात जो बंडावा मांडला, त्याची हकिकत तेवढी मी कळवतो.

प्रथम सरकारी बाजू. आपल्याकडे एक डालगे, मूठभर ज्वारी आणि शेजारणीची सहनशीलता एवढ्या भांडवलावर कोंबडी पाळता येते. इकडे पूर्वी पन्नास पक्ष्यांपासून पुढे नोंदणीची सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये परसात एकच कोंबडी असली, तरी तिचे नाव सरकारदप्तरी चढवावे लागते. बर्ड फ्लूची साथ आल्यास कोणता पक्षी कोठे आहे हे कळावे, हा हेतू रास्तच आहे, आणि साथ बळावली म्हणजे सर्व पक्षी छपराखाली कोंडण्याचा हुकूमही सुटतो. याहून कडक फर्मान खरकट्याचे. २००१ साली लाळ्या-खुरकूत रोगाने येथील गुरांचा संहार केल्यानंतर जनावरांना उष्टे-खरकटे घालण्यावर बंदी आली, ती कोंबड्यांनाही लागू आहे. आणि ती इतकी बारकाईने, की ज्या स्वयंपाकघरात दूध-तूप शिरते, तेथून निघालेला मेथीचा देठदेखील कोंबडीपुढे टाकता येत नाही. शिळ्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन आपली सून मागील दारी उभी राहते आणि कायद्याचे स्मरण होताच तो मला वाढते. मनुष्यप्राण्याच्या बाबतीत कायदा मौन आहे.

आता खुद्द आरोपीकडे वळतो. ही कोंबडी ऑर्पिंग्टन जातीची. केंट परगण्यातील त्या नावाच्या गावी विल्यम कुक नामक गृहस्थाने १८८६ साली ही जात काढली, तेव्हा तिचा रंग काळा होता. आमची बदामी रंगाची आवृत्ती नंतरची. गुन्हा खुडूक होण्याचा, म्हणजे अंडी उबवण्यास ठाण मांडून बसण्याचा. खुडूक बसलेली कोंबडी अंडी घालणे बंद करते आणि व्यापाऱ्याच्या वहीत तेवढी तूट येते, म्हणून लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून ही वृत्ती जवळजवळ पुसून टाकली. ऑर्पिंग्टनमध्ये मात्र ती शाबूत राहिली. वसंतात दिवस वाढू लागला, प्रोलॅक्टिन नामक संप्रेरक रक्तात संचारले, आणि एके सकाळी बाईंनी खुराड्याचा कोपरा बळकावून, अंगाची ऊब थेट पोहोचावी म्हणून छातीची पिसे उपटून, असे काही आसन मांडले, की हात पुढे करणाऱ्याचे स्वागत चोचीनेच होऊ लागले. पोटाखाली अंडे नव्हते. आमच्या धाकट्या लेकीचा गोल्फचा चेंडू होता.

यावर येथील पुस्तके सांगतात, की पोटाला गार वारा लागावा म्हणून कोंबडीस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवावे. आईने फोनवरून नाकपुडीत पीस घालण्याचा इलाज सांगितला. धाकटीने दोन्ही शिक्षांना तहकुबी दिली. मग खरी अंडी देण्यावाचून तरणोपाय उरला नाही. पण कोंबड्यावाचून अंडी फळत नाहीत, आणि या वस्तीत कोंबडा पाळणे म्हणजे पहाटे चार वाजता शेजाऱ्यांच्या तक्रारअर्जांस निमंत्रण, म्हणून फळलेली अंडी टपालाने मागवली. ज्या वाटेने आईच्या कुरडया भुगा होऊन येतात, त्याच वाटेने ती अभंग पोहोचली.

प्रवासाने शिणलेली अंडी निमुळते टोक खाली ठेवून दिवसभर विसावू द्यावीत, असे पुस्तकात होते. संख्या विषम असावी, अंडी रात्रीच्या अंधारात कोंबडीखाली सरकवावीत आणि विजेच्या कडकडाटाने नासू नयेत म्हणून टोपल्यात लोखंडी खिळा ठेवावा, असे आईचे कलम होते. रात्रीच्या मुद्द्यावर पुस्तक आणि आई यांचे एकमत झाले. खिळ्याविषयी पुस्तक काही बोलत नाही. तरी तो ठेवला, कारण विज्ञानावर माझी श्रद्धा असली, तरी आईला नकार देण्याइतकी ती दृढ नाही.

एकवीस दिवसांच्या त्या अनुष्ठानात बाई दिवसातून एकदाच दाणापाण्यासाठी उठत, आणि परत येऊन प्रत्येक अंडे चोचीने फिरवून ठेवत. सातव्या दिवशी विजेरीच्या उजेडात अंड्यांतील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले, तेव्हा सुनेने त्याच विजेरीच्या उजेडात माझ्या डोळ्यांतले पाणीही पाहिले. ते सर्दीचे होते, असे मी जाहीर केले आहे. पुढे कवचाला टोचा पडला आणि तासन् तास काही घडेना, तशी सून चिमटा घेऊन सुईणपणास सिद्ध झाली. आईने फोनवरून दरडावले, "हात लावाल तर खबरदार!" हुकूम बरोबर होता, टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत एक अहोरात्र लागू शकते, कारण त्या अवधीत रक्तवाहिन्यांतील रक्त आणि उरलेला बलक त्याच्या शरीरात शोषला जात असतो. त्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस अन्नावाचून राहते, म्हणूनच त्याची आई मागाहून फुटणाऱ्या अंड्यांसाठी निश्चिंत बसून राहू शकते. आमच्या आईने यातील एक अक्षर न वाचता सारे जाणावे, आणि मी सारे वाचून तिला फोन करावा, यातून विद्येविषयी जो निष्कर्ष निघतो, तो बाबांनी काढावा.

पिल्ले सुखरूप आहेत; प्रश्न पुढचाच आहे. निसर्गनियमाने त्यांत सुमारे निम्मे नर असावेत, आणि ते आरवू लागले, की शेजाऱ्यांचे तक्रारअर्ज येणार. घनसावंगीत याचा निकाल आखाडातल्या एखाद्या रविवारी रश्श्यासह लागला असता. परंतु येथे धाकटीने प्रत्येकास नाव ठेवले असून, नामकरण झालेल्या प्राण्याचा रस्सा होत नाही, असा ठराव मांडून आपल्या सुनेकडून मंजूरही करून घेतला आहे. तरी आपण उभयतांनी विचार करून योग्य तो निवाडा उलटटपाली कळवावा. पत्र मात्र माझ्या नावे पाठवावे; धाकटीला आता मराठी वाचता येते.

आपला आज्ञाधारक
चिरंजीव